पाला पडतो तेव्हा

पौष लागला की ग्वाल्हेरच्या आमच्या घरी संध्याकाळी सर्वांच्या माना वर होतात. आभाळ असले तर आम्ही निश्चिंत निजतो. चांदण्या लखलखू लागल्या आणि वारा पडला, की जुन्या चादरींची शोधाशोध सुरू होते. एकदा आम्ही पुण्याच्या आप्तांस 'बागेवर पाला पडला' असे कळविले, तर उलट टपाली उत्तर आले, 'मग झाडून काढा!' हिंदीतील हा पाला संस्कृत 'प्रालेया'चा वंशज. आपला पाला तो पानांचा. दोन्ही एकाच अंगणात नांदवावे लागतात, ही आम्हां बाहेरच्या मराठी माणसांची गंमत.

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. ढग पांघरुणासारखे ती अडवितात. निरभ्र रात्री ती निघून जाते, आणि थंड, जड हवा अंगणाच्या सखल कोपऱ्यात साचते. पारा ३ अंशांवर आहे असे ऐकून वाचकांनी गाफील राहू नये. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच, पेटीत असतो. तेवढ्यात जमिनीलगतची अळूची पाने शून्याखाली गेलेली असू शकतात. पानांतील पाणी गोठते, पेशी फाटतात आणि ऊन लागताच पाने उकडल्यासारखी काळी पडतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतःच चुकलो. वृंदावनातील तुळस दिवंगत मातोश्रींच्या हातची. तिला आम्ही मोठ्या काळजीने प्लॅस्टिकच्या कागदात गच्च गुंडाळले. सकाळी पाहतो तो जेथे जेथे कागद टेकला होता तेथे तेथे पाने काळीठिक्कर! सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, आणि तेच अधिक बोचले. आम्ही कात्री घेऊन निघालो, तेव्हा शेजारच्या माळीबाबांनी अडविले. होळीपर्यंत हात लावू नका, म्हणाले. छाटणीने कोवळी फूट निघते व पुढच्या थंडीत तीही जाते. मेलेली पाने तेवढाच आडोसा देतात. फाल्गुनात बुंध्यापासून दोन कोंब फुटले.

तेव्हापासून आम्ही चार काठ्या रोवून त्यांवर कापड वा गोणपाट घालतो. ते पानांस टेकता कामा नये, पण कडा मात्र जमिनीस टेकल्या पाहिजेत, कारण राखावयाची असते ती जमिनीचीच ऊब. कापड दिवेलागणीपूर्वी घालावे, ऊन आल्यावर काढावे. दुपारी वाफ्यांना पाणी द्यावे. ओली माती कोरडीपेक्षा अधिक उष्णता साठविते. लहान पपई-केळीभोवती गवताचा आडोसा करून आग्नेयेकडील बाजू उन्हासाठी मोकळी सोडावी. कुंड्या ओसरीत भिंतीशी आणाव्यात. मार्गशीर्षानंतर युरिया नको. त्याने येणारी लुसलुशीत पालवी प्रथम बळी पडते. पालापाचोळा पेटवून धूर करण्याची चाल आहे खरी, पण त्याने उपयोग थोडा होतो आणि डोळ्यांत पाणी मात्र भरपूर येते.

तुळशीवर आम्ही मातोश्रींचे जुने इरकली लुगडे घालतो. नऊवारी असल्याने ते चारी बाजूंनी जमिनीस पुरते.