सावध राहा, पण कुणापासून?

बार्सिलोनाच्या बंदरात जहाजातून उतरताना मराठी सहप्रवाशांनी बजावलं, 'मोरोक्कोवाल्यांपासून जपून!' हे वाक्य मी आपल्याकडे माझ्या मोहल्ल्याबद्दलही ऐकत आलोय. ला रांब्ला रस्त्यावर एका सुटाबुटातल्या गोऱ्या गृहस्थाने माझ्या शर्टावर घाण पडल्याचं दाखवलं, पुसायला रुमाल काढला. तेवढ्यात त्याच्या साथीदाराने पाकीट मारलं. रावाल वस्तीतल्या मोरोक्कन दुकानदाराने मला पोलीस ठाण्यापर्यंत सोडलं. सगळेच तसे भले असतात, असं माझं म्हणणं नाही. पण चेहऱ्यावर पाळत ठेवणाऱ्याला चाल दिसत नाही. अंगाला हात लावणारा मदतनीस, बळेच हातात दिलेलं फूल, तीन वाट्यांचा जुगार, या चाली ओळखा. पासपोर्ट आतल्या खिशात ठेवा. अडचण आली तर 112 फिरवा.