'सिन्स'ची चूक कुणाची?

"आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स." कोपरखैरण्यातला एक पोरगा परवा बायोडेटा दाखवायला आला, त्यातलं हे वाक्य. महापेला मुलाखत होती. म्हणाला, "सर, क्लासमध्ये खोडलं, पण का ते नाही सांगितलं."

अहो, कारण मराठीतच आहे! आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून'ही. इंग्रजीत तिथे दोन शब्द लागतात. सुरुवात कधी झाली ते सांगायला सिन्स, किती काळ झाला त्याला फॉर. शिवाय काम अजून चालू आहे, म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स'. 'अ' आणि 'द' चुकतात तेही असंच, मराठीत तसली उपपदंच नाहीत. पाच मिनिटांत समजलं त्याला.

२००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी पोरं इथंच अडतात, आणि काही क्लासवाले वर्गात मराठी बोलूच देत नाहीत. (फी मात्र मराठी माणसाची चालते.) आपले आजोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन मराठीच्या आधारानंच इंग्रजी शिकले ना?

पालकांनो, यंदा फी भरण्याआधी एवढं विचारा: पोराची चूक झाली तर मराठीत समजावून सांगणार का?