मुखवट्यामागचे अर्थकारण

जून २०२५मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘कोकुहो’ या चित्रपटाने तिकीटबारीवर एक हजार कोटी येनांचा टप्पा ओलांडला. काबुकी नटांच्या आयुष्यावरचा, सुमारे तीन तासांचा हा चित्रपट पाहण्यासाठी तरुण प्रेक्षकांनीही गर्दी केली. त्यानंतर तेथे पारंपरिक रंगभूमीला पुन्हा बरे दिवस येणार, अशी चर्चा सुरू झाली. मात्र ही चर्चा काबुकीपाशीच थांबते. काबुकीहून दोन शतकांनी जुने असलेले नोह हे मुखवट्यांचे नाट्य तिच्यात फारसे येत नाही. खरे तर चिंता करावी अशी स्थिती त्याचीच आहे.

नोह घडले चौदाव्या शतकात. कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी हे फिरत्या नाट्यमंडळीतले कलावंत. शोगुन आशिकागा योशिमित्सू याने त्यांचा प्रयोग क्योतोमध्ये पाहिला आणि त्यांना आश्रय दिला. झेआमीने पुढे शेकडो वर्षे टिकेल अशी नाट्यरचना उभी केली. तिचा साचा साधा आहे. एखादा प्रवासी भिक्षू एखाद्या जागी थांबतो. तेथे भेटलेली साधी वाटणारी व्यक्ती उत्तरार्धात मृतात्मा म्हणून प्रकट होते, आपली अपुरी वासना किंवा पराभव सांगते आणि मुक्तीची याचना करते. ‘आत्सुमोरी’मध्ये ११८४च्या इचिनोतानीच्या लढाईत मारला गेलेला तैरा कुळातला कोवळा योद्धा असा परत येतो, आणि समोरचा भिक्षू असतो त्याला मारणाराच. युद्ध जिंकणाऱ्यांच्या दरबारात हरलेल्यांचे दुःख गायले गेले, हे या परंपरेचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. तिच्यामागे बौद्ध विचारातली अनित्यता आहे. पण ती उपदेश म्हणून येत नाही.

नोहचा मुखवटा हिनोकी या जपानी सुरूच्या लाकडातून कोरलेला असतो. तो नटाच्या चेहऱ्यापेक्षा किंचित लहान असल्याने खाली हनुवटी दिसत राहते. डोळ्यांची छिद्रे इतकी बारीक की नटाला रंगमंचाचे खांब पाहूनच आपली जागा ओळखावी लागते. तरुण स्त्रीच्या मुखवट्यावरचा भाव मुद्दाम अर्धवट ठेवलेला असतो. तो जरा वर उचलला की उजळतो, खाली झुकवला की त्यावर मळभ येते. ‘आओई नो उए’मध्ये तर आजारी नायिका रंगमंचावर येतच नाही. घडी करून ठेवलेले एक वस्त्र म्हणजेच ती. तिला छळणाऱ्या मत्सरी स्त्रीचा आत्मा उत्तरार्धात शिंगांचा ‘हान्या’ मुखवटा घालून येतो. त्या चेहऱ्यावर क्रोधाइतकीच वेदनाही कोरलेली आहे. एवढ्या कमी साधनांत एवढे सांगणारी रंगभूमी जगात विरळाच.

तोकुगावा राजवटीत नोह हा शोगुनच्या दरबाराचा अधिकृत समारंभ ठरला. कलावंतांना वेतन मिळू लागले; प्रयोग मात्र संथ आणि अधिक गंभीर होत गेले. १८६८मध्ये ती राजवट गेली आणि वेतनही गेले. अनेकांनी मुखवटे व वस्त्रे विकली. या पडझडीतून नोहला सावरणाऱ्यांत राजकारणी इवाकुरा तोमोमी प्रमुख होते. युरोपातील ऑपेराचा मान त्यांनी स्वतः पाहिला होता. पाहुण्यांना अभिमानाने दाखवावे असे काही जपानकडेही हवे, हा त्यांचा हिशेब. १८७९मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट यांना नोह दाखवण्यात आले आणि १८८१मध्ये तोक्योच्या शिबा भागात नाट्यगृह उभे राहिले.

दरबाराची जागा नंतर घेतली ती हौशी शिष्यांनी. हे फारसे सांगितले जात नाही. नोहचा एक प्रयोग बहुधा एकदाच होतो. काबुकीसारखे महिनाभराचे खेळ नसतात. तिकिटांवर कलावंताचे घर चालणे कठीणच. मुख्य उत्पन्न शिकवणीचे. व्यापारी, कंपन्यांतले अधिकारी, गृहिणी, विद्यापीठांतले विद्यार्थी नोहमधले गायन व नृत्य शिकत, घराण्याच्या प्रमुखाकडून परवाने घेत, गुरूच्या प्रयोगाची तिकिटेही खपवीत. प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या मांडीवर संहिता उघडी असे, कारण ते स्वतःच शिकणारे असत. ही पिढी आता वृद्ध झाली आहे आणि तिची जागा घेणारे पुरेसे नाहीत. नोहपुढचे आजचे संकट प्रेक्षकांपेक्षा शिष्यांचे अधिक आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. १९५७मध्ये नोहला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा मिळाला. १९८३मध्ये तोक्योत राष्ट्रीय नोह नाट्यगृह सुरू झाले. पुढच्याच वर्षी तेथे साहाय्यक भूमिका, वाद्ये आणि क्योगेन या विनोदी अंगाचे प्रशिक्षण सुरू झाले. प्रमुख नटाचे शिक्षण मात्र आजही पाच घराण्यांकडेच आहे. २००१मध्ये ‘युनेस्को’ने मानवतेच्या अमूर्त वारशातील श्रेष्ठ कृतींची पहिली यादी जाहीर केली, तीत नोह होते आणि आपल्या केरळचे कुटियाट्टमही. दर्जा मिळाल्याने शिष्य मिळत नाहीत, हा अनुभव दोन्ही देशांना नवा नसावा.

नव्या प्रेक्षकांसाठीचे प्रयत्नही दिसतात. राष्ट्रीय नोह नाट्यगृहात २००६पासून आसनासमोर छोट्या पडद्यावर संवाद वाचता येतात. कान्झे घराण्याचे नाट्यगृह २०१७मध्ये शिबुया सोडून गिन्झातील एका चकचकीत व्यापारी संकुलाच्या तळघरात आले. तेथेच २०२२मध्ये ‘किमेत्सु नो याइबा’ या लोकप्रिय चित्रकथेवर आधारित नोह-क्योगेन सादर झाले. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडण्याचे कारण नाही. झेआमीनेही आपल्या काळच्या प्रेक्षकांना ठाऊक असलेल्या कथाच घेतल्या होत्या. पण चित्रकथेच्या ओढीने आलेला तरुण पुढे गायन शिकायला येईल का, यावर या प्रयोगाचे मोल ठरेल.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. व्यावसायिक संघटनेची दारे त्यांना १९४८मध्ये उघडली. सर्वोच्च दर्जाच्या कलावंतांच्या मंडळात प्रवेश मिळायला २००४ उजाडावे लागले. हौशी शिष्यांत स्त्रियांची संख्या मोठी आणि मुख्य रंगमंचावर मात्र त्या अपवादाने, ही विसंगती ज्या कलेला माणसे कमी पडत आहेत तिला परवडणारी नाही.

घराण्यांच्या आणि राजधानीच्या बाहेरही नोह जगते आहे. यामागाता प्रांतातील कुरोकावा गावात शेतकरी कुटुंबे सुमारे पाचशे वर्षे स्वतःच नोह करीत आली आहेत. दर वर्षी एक फेब्रुवारीच्या बर्फाळ रात्री ग्रामदैवताच्या उत्सवात गावकऱ्यांच्या दोन मंडळ्या पहाटेपर्यंत प्रयोग करतात. तेथे तिकीट नाही, परवाना नाही. रात्रीचा आरंभ गावातले एक लहान मूल जमिनीवर पावले आपटून करते.