एरर गिळू नका राव!

ह्या वीकांताला कामाबद्दल चकार शब्द लिहायचा नाही असं ठरवलं होतं. पण गेले पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, आणि ती एकदाची बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं दिसत नाही. तेव्हा मंडळी, ज्यांना डेटाबेस, क्वेरी वगैरे शब्दांची ॲलर्जी आहे त्यांनी आज वाचलं नाही तरी चालेल. (खरं तर त्यांनीच वाचावं. कारण अर्ज हरवतात ते त्यांचेच!)

आधी किस्सा सांगतो. आम्ही एका क्लायंटचं पोर्टल सांभाळतो. त्यांच्या नोकरीतल्या आणि निवृत्त लोकांनी त्यावर हॉस्पिटलची बिलं भरायची, मग तपासणी होऊन पैसे परत मिळतात. साधं प्रकरण. तर त्यातलं एक तिकीट फिरत फिरत माझ्याकडे आलं: "यूझर म्हणतो अर्ज भरला. सिस्टिममध्ये अर्ज नाही. यूझरला ट्रेनिंगची गरज आहे."

यूझर म्हणजे वसईचे एक निवृत्त काका. बायकोच्या ऑपरेशनचं बिल होतं. त्यांनी अर्ज तीनदा भरला होता आणि तिन्ही वेळा स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं होतं, "आपला अर्ज यशस्वीरीत्या दाखल झाला आहे." तिसऱ्या वेळी त्यांनी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, म्हणून ते तिकीट निदान माझ्यापर्यंत तरी पोचलं. त्याआधी चार महिने हेल्पडेस्कवाले त्यांना एकच सांगत होते, "काका, तुम्ही शेवटचं बटण दाबलं नसणार."

मी फोन केला. वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, मी पस्तीस वर्षं स्टोअरचा हिशेब सांभाळलाय. बटण दाबलं की नाही एवढं मला कळतं हो."

कोड उघडला. जावामधला जुना कोड. ट्राय ब्लॉकमध्ये अर्ज टेबलात टाकणारी इन्सर्ट क्वेरी. कॅच ब्लॉकमध्ये काय? काही नाही! दोन महिरपी कंस आणि मधे एक कॉमेंट, 'नंतर बघू'. त्याच्या खालच्याच ओळीत ते हिरव्या अक्षरांचं पान. म्हणजे अर्ज टेबलात जावो की खड्ड्यात, पान हिरवंच येणार.

मी कॅचमध्ये एरर लॉग करणारी एक ओळ टाकली आणि टेस्ट सर्व्हरवर काकांच्याच नावाने अर्ज भरला. पाच मिनिटांत उत्तर हजर. मायएसक्यूएलचा १०६४ नंबरचा एरर, म्हणजे सिंटॅक्स चुकलाय. आणि त्या मेसेजात 'निअर' ह्या शब्दापुढे काय होतं? काकांचं अर्धं आडनाव!

काकांचं आडनाव डिसूझा, डिमेलो ह्या जातकुळीतलं. इंग्रजीत लिहिताना 'डी' नंतर अपॉस्ट्रॉफी येते. वसईत, गोव्यात, मंगळूरला अशी आडनावं गल्लोगल्ली आहेत. आमच्या कोडने फॉर्ममधला मजकूर उचलून, तुकडे जोडून क्वेरीची ओळ बनवली होती. डेटाबेसला ती अपॉस्ट्रॉफी म्हणजे नाव संपल्याची खूण वाटली, आणि उरलेलं आडनाव त्याला कळेना. त्याने ते स्पष्ट सांगितलंही. आम्ही ते ऐकलं नाही, एवढंच.

मग गिटमध्ये बघितलं की हा थोर कॅच ब्लॉक कुणी लिहिलाय. पाच वर्षांपूर्वीची तारीख, आणि नाव माझं.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. दुसऱ्या दिवशी डेमो होता आणि लीड म्हणाला होता, "क्लायंटसमोर लाल काही दिसता कामा नये. कॅच करून टाक." मी टाकलं. आता लीडवर ढकलता येईल, पण कीबोर्डवर बोटं माझी होती.

म्हणून आज जे लिहितोय ते स्वतःला धरून लिहितोय. आपण रिकाम्या कॅच ब्लॉकला 'बॅड प्रॅक्टिस' म्हणतो. च्यायला, किती सौम्य शब्द आहे! जणू काही नखं खायची सवय. ही सवय नाही, हे खोटं बोलणं आहे. डेटाबेस सांगतो 'नाही झालं', आणि आपण समोरच्या माणसाला सांगतो 'झालं'. वर तो तक्रार घेऊन आला की त्यालाच खोटं पाडतो, कारण आपल्या टेबलात त्याची नोंद नसते ना!

ह्यावरचे बचाव मला पाठ आहेत, कारण मी ते सगळे वापरलेत.

पहिला बचाव सिक्युरिटीचा. "यूझरला एरर दाखवला तर हॅकरला टेबलांची नावं कळतील." अगदी बरोबर. यूझरला क्वेरी दाखवूच नका. त्याला साध्या मराठीत सांगा की अर्ज दाखल झालेला नाही, आणि एक संदर्भ क्रमांक द्या. तोच क्रमांक लॉगमध्ये टाका, सोबत पूर्ण एरर, क्वेरी, आणि पासवर्ड वगैरे खासगी गोष्टी झाकून बाकीची पॅरामीटर्स. यूझरपासून तपशील लपवणं वेगळं आणि स्वतःपासून एरर लपवणं वेगळं. पहिल्याच्या नावाखाली आपण दुसरं करतो. आणि सिक्युरिटीची एवढी काळजी असेल तर मजकूर जोडून क्वेरी कशाला बनवता? ज्या फटीत काकांचं आडनाव अडकलं, त्याच फटीतून चोर आत येतो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. 'फ्रॅक' नावाच्या ई-मासिकात ह्या प्रकाराबद्दल डिसेंबर १९९८ मध्येच छापून आलं होतं. आणि त्यावरचा इलाज, प्रिपेअर्ड स्टेटमेंट, जावामध्ये १९९७ पासून आहे. म्हणजे आपण कॉलेजात जाण्याच्या कितीतरी आधी रोगही माहीत होता आणि औषधही.

दुसरा बचाव, "एका एररसाठी अख्खं ॲप पाडायचं का?" पाडू नका ना! ती एक विनंती फसली असं कबूल करा, बाकीचं चालू द्या. आणि 'पुन्हा प्रयत्न करा' सुद्धा विचार करून लिहा. डेटाबेस प्रत्येक एररबरोबर पाच अक्षरांचा एसक्यूएलस्टेट कोड देतो. पहिल्या दोन अक्षरांतच जात कळते. ४० म्हणजे ट्रान्झॅक्शन मागे फिरवलं, उदाहरणार्थ डेडलॉक. इथे पुन्हा प्रयत्न करणं रास्त आहे, मायएसक्यूएल तर डेडलॉकच्या मेसेजातच तसं सुचवतो. २३ म्हणजे नियम मोडला: तोच नंबर दुसऱ्यांदा आला, किंवा मूळ नोंदच नाही. २२ म्हणजे डेटाच गडबड. ४२ म्हणजे क्वेरी चुकली किंवा परवानगी नाही. ह्या शेवटच्या तीन प्रकारांत हजारदा प्रयत्न केला तरी तेच होणार. काकांनी तीनदा केला होता.

तिसरा बचाव सगळ्यात भारी. आमच्या मीटिंगमध्ये एकजण गंभीरपणे म्हणाला, "फॉर्मवर व्हॅलिडेशन लावू, अपॉस्ट्रॉफी टाकूच द्यायची नाही." म्हणजे आमची क्वेरी सुधारण्यापेक्षा माणसाचं आडनाव सुधारणं सोपं! मग बँकेच्या खात्यावर नाव वेगळं, हॉस्पिटलच्या बिलावर वेगळं, अर्जावर वेगळं, आणि 'नाव जुळत नाही' म्हणून अर्ज परत. तोही त्यांनाच.

अर्थात आपण एकटेच पापी नाही. आपली अवजारंही वर्षानुवर्षं गप्प बसणारी होती. जुन्या पीएचपीत क्वेरी फसली की फंक्शन मुकाट्याने 'फॉल्स' परत द्यायचं, आणि बोंब व्हायची पुढच्या ओळीत: 'सप्लाइड आर्ग्युमेंट इज नॉट अ व्हॅलिड मायएसक्यूएल रिझल्ट रिसोर्स'. त्या ओळीकडे बघत किती पोरांनी रात्री काढल्या असतील! चूक तिथे नव्हतीच, ती एक ओळ वर झाली होती. ती जुनी फंक्शन्स २०१५ साली पीएचपी ७ मध्ये काढून टाकली. पीडीओ आपणहून एक्सेप्शन द्यायला लागलं ते २०२० च्या ८.० पासून, आणि मायएसक्यूएलआय २०२१ च्या ८.१ पासून. खुद्द मायएसक्यूएलसुद्धा ५.७ पर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, मुळात ढिलाच यायचा. वीस अक्षरांच्या कॉलमात तीस अक्षरांचं नाव टाकलं तर शेपूट कापून ठेवून द्यायचा आणि हळूच एक वॉर्निंग द्यायचा, जी कुणी बघत नसे. लॅटिन-१ कॉलमात 'रमेश' टाकला की चार प्रश्नचिन्हं. एरर नाही, काही नाही, पण रमेश कायमचा गेला. ही अवजारं बनवणाऱ्यांनाही शेवटी पटलं की आरडाओरडा करणारी चूक गप्प बसणाऱ्या चुकीपेक्षा बरी. आपल्याला कधी पटणार?

बरं, एरर दिसला तरी आपण तो वाचतो का? शेजारचा ओरडतो "अरे, एरर आला!" विचारलं काय आला, तर "माहीत नाही, बंद केला." मेसेजातलं 'निअर' बघा, चूक त्या जागी किंवा तिच्या किंचित आधी असते. जावाचा स्टॅक ट्रेस असेल तर सगळ्यात खालचं 'कॉज्ड बाय' वाचा, वरचं बहुतेक वेळा फ्रेमवर्कचं रडगाणं असतं. क्वेरी खऱ्या पॅरामीटर्ससकट हाताने चालवून बघा, आणि ॲप ज्या यूझरने डेटाबेसला जोडलं जातं त्याच यूझरने. "माझ्याकडे तर चालते" ह्याला अर्थ नाही. ओरॅकल 'टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही' असं म्हणतो तेव्हा टेबल असतंसुद्धा, तुमच्या ॲपला फक्त ते बघायची परवानगी नसते. आणि अपडेट केल्यावर किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य ओळी बदलणं हा डेटाबेसच्या लेखी एरर नाही, पण ज्याचा पत्ता बदलायचा राहिला त्याच्या लेखी आहे.

हल्ली एआय क्षणात कोड लिहून देतं, ट्राय-कॅचसकट. छान आहे. फक्त कॅचच्या आत काय लिहिलंय ते वाचा, कारण गिटमध्ये नाव तुमचंच लागणार आहे.

असो. क्वेरी बदलायला अर्धा दिवस लागला. काकांचा अर्ज दाखल झाला, पैसेही येतील. मी फोन करून चूक आमची होती हे सांगितलं. माझी होती, असं म्हणायला जीभ रेटली नाही. काका म्हणाले, "होतं असं. पण तुमच्या त्या मुलांना सांगा, मी बटण दाबलं होतं."

मॅनेजरने मग रास्त प्रश्न विचारला, "असे अजून किती अर्ज गेले असतील?" पाच वर्षांचे लॉग शोधले. काहीच नाही, कारण लॉगच नव्हता. गिळलेला एरर मागे खूण ठेवत नाही. ज्यांनी स्क्रीनचा फोटो काढला नाही, ज्यांनी 'जाऊ दे' म्हणून नाद सोडला, त्यांची संख्या मी आज सांगू शकत नाही आणि कधीच सांगू शकणार नाही.

सोमवारी हापिसात गेलात की चहाच्या आधी एक काम करा. आपल्या कोडमध्ये रिकामे कॅच ब्लॉक शोधा. आमच्याकडे किती निघाले ते कृपया विचारू नका.