बॅटरीवरची टॉय ट्रेन : मोटर किती एचपीची, यापेक्षा इंजिनाचं वजन किती हे का विचारायचं?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली 'वनराणी' मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या तडाख्यानं बंद पडली. ती पुन्हा आणताना बॅटरीवर चालणारी गाडी घ्यायचं ठरलं. धूर नाही, आवाज कमी. पण अशी गाडी घेताना पाहायचं काय?

पकड महत्त्वाची

मोटर फक्त चाक फिरवते. गाडी पुढे जाते ती चाक आणि रूळ यांच्यातल्या पकडीमुळे. कोरड्या रुळावर ही पकड इंजिनाच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी धरता येते. त्याहून जास्त जोर लावला, तर चाक जागच्या जागी गरगरतं.

गणित काय सांगतं?

समजा, इंजिन १ टनाचं आहे आणि सगळी चाकं मोटरला जोडलेली आहेत. म्हणजे ओढ मिळेल सुमारे २०० किलोची. सपाट रुळावर दर टनाला साधारण १० किलो ओढ लागते, म्हणून इंजिनासह २० टनांची गाडी हलेल. पण नेरळ-माथेरानसारखा २० फुटांत १ फुटाचा चढ असेल, तर दर टनाला ६० किलो लागतात. मग इंजिन धरून जेमतेम सव्वातीन टन!

या चढावर ताशी ७ किलोमीटर वेगासाठी लागणारी ताकद किती? सुमारे ५ एचपी. इंदापूर तालुक्यात कळंबच्या शिवारात उसाला पाणी द्यायला विहिरीवर एवढी मोटर सहज दिसते. म्हणजे १० एचपीची मोटर बसवली, तरी जास्तीचे डबे ओढले जाणार नाहीत.

मग बॅटरीचा फायदा काय?

बॅटरी जड असते आणि इथे ते चांगलंच. तिचं वजन मोटरच्या चाकांवर आलं की पकड वाढते. शिवाय विजेची मोटर थांबलेल्या अवस्थेतूनच भरपूर जोर देते आणि तो हळूहळू वाढवता येतो.

धोका उतारावर

ओल्या रुळावर पकड निम्म्यावर येऊ शकते आणि ब्रेकही त्याच पकडीवर चालतात. माथेरानची गाडी मे २०१६ मध्ये दोनदा घसरली, सेवा बंद ठेवावी लागली आणि पुढे डब्यांना एअर ब्रेक बसवले गेले.

म्हणून बागेत टॉय ट्रेन येणार असेल, तर तीन प्रश्न विचारा: इंजिनाचं वजन किती? किती चाकांना मोटर जोडली आहे? आणि भरलेली गाडी ओल्या उतारावर किती अंतरात थांबते?