परतीची धून

निवृत्त झालेली एखादी विजेती फिगर स्केटर पुन्हा सरावाला लागल्याची कुणकुण लागली की चाहत्यांत पहिली चर्चा होते ती उड्यांची. हवेत तीन गिरक्या अजून बसतील का, गुडघे साथ देतील का, सोळा-सतरा वर्षांच्या मुलींपुढे हिचा निभाव लागेल का? मला मात्र ती कुठलं संगीत निवडणार याची जास्त उत्सुकता असते. उड्यांवरून तिच्या शरीरात किती ताकद उरली आहे ते कळेल. ती परत का येते आहे, हे कळायचं तर तिची धून ऐकावी लागते. माझं हे मत ज्या कामगिरीमुळे पक्कं झालं, तिला पदक मिळालं नव्हतं. ती होती कातारीना विटची, १९९४ च्या लिलहॅमर हिवाळी ऑलिंपिकमधली.

विट पूर्व जर्मनीची. कार्ल मार्क्स श्टाट, म्हणजे आजच्या केमनित्स शहरात, युट्टा म्यूलर या करड्या शिस्तीच्या प्रशिक्षिकेच्या हाताखाली ती घडली. १९८४ साली युगोस्लाव्हियातल्या सारायेवोच्या ऑलिंपिकमध्ये, झेत्रा नावाच्या नव्याकोऱ्या सभागृहात, अठराव्या वर्षी तिने पहिलं सुवर्णपदक जिंकलं. दुसरं १९८८ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत. महिलांमध्ये ऑलिंपिकचं अजिंक्यपद राखण्याची कामगिरी त्याआधी फक्त नॉर्वेच्या सोन्या हेनीने केली होती, तीही १९३२ आणि १९३६ मध्ये.

कॅलगरीची ती लढत आजही संगीतामुळेच ओळखली जाते. विट आणि अमेरिकेची डेबी थॉमस, दोघींनीही बिझेच्या 'कारमेन' या ऑपेराचंच संगीत घेतलं होतं. विटची कारमेन शेवटी बर्फावर कोसळून मरते, थॉमसची जगते. विट जिंकली, थॉमसला कांस्य मिळालं. खेळाडू म्हणून मिळवण्यासारखं विटने सगळं मिळवलं होतं. मग ती व्यावसायिक आइस शोकडे वळली आणि 'कारमेन ऑन आइस' या चित्रपटासाठी तिला एमी पुरस्कारही मिळाला.

पुढच्या सहा वर्षांत तिच्याभोवतीचं जगच पालटलं. बर्लिनची भिंत पडली, ज्या देशासाठी ती खेळली तो नकाशावरून पुसला गेला. लहानपणापासून गुप्त पोलिसांनी आपल्यावर ठेवलेल्या पाळतीच्या फायली तिला स्वतःच वाचायला मिळाल्या. स्केटिंगही बदललं. बर्फावर ठरावीक आकृत्या कोरून दाखवण्याचा भाग १९९० नंतर स्पर्धेतून गेला आणि अवघड उड्यांचं वजन वाढलं. अशात आंतरराष्ट्रीय संघटनेने व्यावसायिक स्केटरांना परतायची मुभा दिली. विटने ठरवलं, यायचं. वय अठ्ठावीस, सोबतीला पुन्हा म्यूलरबाई. जानेवारी १९९४ मध्ये कोपनहेगनच्या युरोपीय स्पर्धेत तिचा आठवा क्रमांक आला. पदकाची आशा धरायला तिथेच फारशी जागा उरली नव्हती.

चार मिनिटांच्या मुख्य कार्यक्रमासाठी तिने निवडलं 'व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन' (सगळी फुलं गेली कुठे?) हे युद्धविरोधी गाणं. हवं असतं तर 'कारमेन' पुन्हा काढता आली असती, प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली असती. पण तिच्या मनात सारायेवो होतं. बोस्नियाच्या युद्धात एप्रिल १९९२ पासून त्या शहराला वेढा पडलेला होता. डोंगरांवरून तोफगोळे कोसळत होते, बंदुका रोखलेले नेमबाज दबा धरून बसलेले असत. ज्या झेत्रात तिला सुवर्णपदक मिळालं ते तोफांच्या माऱ्यात जळालं होतं, आणि आजूबाजूच्या ऑलिंपिकच्या मैदानांवर थडगी उभी राहत होती. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी मार्काले बाजारावर तोफगोळा पडून ६८ माणसं मारली गेली. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने नॉर्वेत ऑलिंपिकची ज्योत पेटली.

या गाण्याला स्वतःचा इतिहास आहे. अमेरिकन लोकगायक पीट सीगर यांनी ते १९५५ मध्ये लिहिलं. त्याचं बीज त्यांना मिखाईल शोलोखोव्ह यांच्या डॉन नदीकाठच्या महाकादंबरीतल्या एका कोसॅक लोकगीतात सापडलं होतं. पुढे जो हिकर्सन यांनी त्यात कडवी घातली आणि फुलांपासून निघालेलं गाणं सैनिकांच्या थडग्यांवरून फिरून पुन्हा फुलांपाशी येऊ लागलं. जर्मनांच्या मनात ते घर करून बसलं मार्लेन डिट्रिश यांच्या आवाजात. हिटलरच्या राजवटीला नकार देऊन अमेरिकन नागरिक झालेल्या आणि मित्रराष्ट्रांच्या सैनिकांसाठी गायलेल्या या अभिनेत्रीने १९६२ मध्ये ते जर्मनमध्ये गायलं. जर्मनी एकत्र झाल्यावर आलेल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकला जेमतेम दोन वर्षं झाली होती. अशा वेळी एका जर्मन मुलीने हे गाणं उचलावं, याला अर्थ होता.

त्या काळी स्पर्धेत शब्द असलेलं संगीत चालत नसे. एकेरी आणि जोडी प्रकारांत ही बंदी उठली ती २०१४-१५ च्या हंगामापासून. त्यामुळे विटला मिळाली ती नुसती चाल. पण बासरीवर ओळखीचा अभंग सुरू झाला की ओळी जशा आपल्याच ओठांवर येतात, तसं स्पर्धेच्या सभागृहातही झालं असणार. शब्द प्रेक्षकांना ठाऊक होते. नियमाने गाण्याचा आवाज काढून घेतला, पण त्याचा प्रश्न प्रत्येकाने मनातल्या मनात स्वतःलाच विचारला.

२५ फेब्रुवारी १९९४, लिलहॅमर ऑलिंपिकचं हामारमधलं सभागृह. अवघ्या जगाचे कॅमेरे तिथे होते, पण ते नॅन्सी केरिगन आणि टोन्या हार्डिंग या अमेरिकन स्केटरांसाठी. केरिगनवर झालेला हल्ला आणि त्यात हार्डिंगच्या माणसांचा हात, या प्रकरणाने बाकीचं सगळं झाकोळलं होतं. ती गर्दी तमाशा बघायला जमली होती आणि विटने तिच्यासमोर लाल पोशाखात एका मरणाऱ्या शहराची आठवण ठेवली. तिच्या उड्या तरुण मुलींच्या मानाने सोप्या होत्या आणि कामगिरी निर्दोष नव्हती. सोळा वर्षांच्या ओक्साना बायुलने सुवर्ण जिंकलं, विट सातवी आली. तरीही प्रेक्षकांनी तिला भरभरून दाद दिली. त्यांना तिचं म्हणणं पोचलं होतं.

पुनरागमनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो गैरवाजवी नाही. जिने सगळं मिळवलं तिने पुन्हा येऊन एखाद्या होतकरू मुलीची जागा का अडवावी? या खेळात प्रत्येक देशाच्या जागा मोजक्या असतात, म्हणून हा प्रश्न टोचतो. त्याचं सगळ्यात सुंदर उत्तर मला दक्षिण कोरियाच्या युना किमने दिलेलं वाटतं. २०१० मध्ये व्हँकुव्हरला ऑलिंपिक सुवर्ण जिंकल्यावर पुढे तिनेही एक पूर्ण हंगाम स्पर्धांपासून लांब काढला. २०१२ मध्ये ती परतली तेव्हा मुख्य कार्यक्रमाला तिने 'ले मिझेराब्ल' या संगीतिकेचं संगीत घेतलं. पिचलेल्या माणसांनी उठून उभं राहण्याची ती कथा. मार्च २०१३ मध्ये कॅनडातल्या लंडन शहरात त्याच सुरांवर तिने २१८.३१ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद पटकावलं. नियमानुसार त्या एका विजयाने २०१४ च्या सोची ऑलिंपिकसाठी कोरियाला महिलांच्या तीन जागा मिळाल्या.

सोचीत तिने आस्तोर पियाझोला यांची 'आदिओस नोनिनो' ही रचना निवडली. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांनी रचलेला हा टँगो म्हणजे एक निरोपच. तिला रौप्य मिळालं, आणि त्या निकालावरून आजही वाद झडतात. मी त्या वादात पडत नाही, कारण मला त्याहून मोलाचं काही दिसतं. पार्क सो-यन आणि किम हे-जिन या दोन सोळा वर्षांच्या मुली तिच्यासोबत ऑलिंपिकच्या बर्फावर उतरल्या, त्या तिने जिंकून आणलेल्या जागांवर.

म्हणून पुनरागमनाचा हिशेब केवळ पदकांच्या तक्त्यात मांडू नये असं मला मनापासून वाटतं. विटने आपलं नाव एका विसरल्या जाणाऱ्या शहराच्या कामी लावलं, युनाने आपला विजय मागून येणाऱ्या मुलींना वाटून दिला. कीर्ती पणाला लागते हे दोघींना माहीत होतं, तरी त्या आल्या. आज जी कुणी परतायच्या विचारात असेल तिने पदकाची चिंता दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी आणि चार मिनिटांत आपल्याला कुणासाठी काय म्हणायचं आहे ते आधी ठरवावं. ते एकदा ठरलं की सातवा क्रमांकही कमी पडत नाही.