वेंगुर्ला रॉक्सवर चोरांना होडी नको

मच्छीमार बांधवांनो, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर पाकोळ्या आणि सुरय पाखरं वीण करतात. पाकोळी गुहेत लाळेचं घरटं बांधते. परदेशात त्याचं सूप करतात, म्हणून चोरांचा डोळा. घरटं काढलं की अंडं-पिल्लू गेलंच.

पण होडीशिवाय त्या खडकावर पोचणार कोण? चार पैशांसाठी आपली होडी देऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. कायद्यानं हा गुन्हा आहे, होडीही जप्त होते.

आणि पाखरं पाण्यावर झेपावली की खाली तारली-बांगडा असतो, हे आपण वाडवडिलांकडूनच शिकलो ना? फिशफाइंडर होडीखालचं दाखवतो, पाखरं लांबची खबर देतात. ती राखूया.